गोड उळ्ळागड्डी

इरण्णा नव्या मागाचं ट्रेनिंग घेऊन आला
इटलीहून, एकवीस दिवसांनी,
आणि टॉवेलात गुंडाळलेली एक वेणी
बॅगेतून काढली. कांद्याची.
लांबट, जांभळी, वांग्याची चुलतबहीण वाटावी अशी.
म्हणाला, वहिनी, ही ट्रोपेयाची. गोड असते.
मी म्हटलं, सोलापुरात कांदा आणलास?
पुढच्या खेपेला चादर आण.

बाळीवेशीत माझं दुकान, कडक भाकरीचं.
तेहेतीस वर्षं तव्यापुढं.
एक कांदा पाटावर ठेवला, बुक्की मारली.
आमचा फुटतो तेव्हा घरभर कळतं.
ह्यानं नुसतं अंग सैल सोडलं,
पाटावर थेंबभर पाणी,
आणि गप्प, नव्या जावयासारखा.
खाल्ला. शेंगाचटणीशी भांडला नाही
ह्याचंच वाईट वाटलं.

पिठल्यात घातला, सापडेना.
तेलात टाकला तर पिवळा व्हायच्या आत काळा,
भिंतीपलीकडून नागव्वानं विचारलं,
बासुंदी लागली का की ओ खाली?

मार्केट यार्डात मकबूल बागवानाला दाखवला.
ज्याच्या हातावरून रोज गाड्याच्या गाड्या जातात
त्यानं एक पाकळी चावली, बराच वेळ चावली.
कांदा नाही हा, म्हणाला,
पलीकडच्या शेडात न्या, डाळिंबात.

मग इरण्णानं फोन लावला.
ज्या घरात तो राहिला तिथली मालकीण, आसुंता.
तिचं गाव खाली, समुद्राकाठी, ह्याच कांद्याचं.
वर गिरणीत कामाला आली
पोरगी होती तेव्हा, दोन वर्षांसाठी,
आणि राहिलीच.
(माझ्या सासऱ्यांची गोष्ट
कुणीतरी तिला सांगितली असणार.)
तिनं हातानंच दाखवलं: पातळ चीर. आच मंद.
झाकण नको. आणि बोट हलवून: घाई नको.
ती व्हिनेगर म्हणाली, मी चिंच कोळली.
साखरेऐवजी गूळ घातला, ते तिला सांगितलं नाही.
तमालपत्र मात्र दोघींच्या डब्यात निघालं.

दीड तास ढवळत होते.
जांभळा गेला, तांबडा आला,
मग जुन्या इरकलीच्या काठाचा तो रंग,
ज्याला दुकानदार नाव सांगत नाहीत.
कडक भाकरीवर फासला,
तुकडा मोडला, कडाड्!
इरण्णा काहीच बोलेना.
मग ताटली पुढं केली.

शेवटच्या कांद्याला मोड आला होता,
तो तेलाच्या डब्यात लावून टाकला, कोथिंबिरीशेजारी.
माघात दांडा वर आला, दांड्यावर पांढरा चेंडू,
चेंडूत बी, काळं, कोपरे असलेलं.
मंद्रूपला नणंदेनं चार सऱ्या दिल्या,
विहिरीचं जड पाणी दिलं,
बाकी लाड केले नाहीत.

उपटला तेव्हा रंग तोच, लांबटपणा तोच.
नणंदेनं उभ्या उभ्या चिरला
आणि उंबऱ्यावरची मांजर उठून गेली.
डोळे पुसत ती म्हणाली,
एका हंगामात कानडी शिकला की गं हा.

औंदा इरण्णा परत गेला, ट्रेनिंगचा दुसरा भाग.
मी वेणी घालून दिली.
आसुंताची पाच पदरी होती,
मला तीन पदरीच येते.

परवा दुपारी फोन वाजला.
पडद्यावर आसुंता, नाक लाल,
एप्रनच्या टोकानं डोळे पुसतेय, हसतेय, शिव्या देतेय,
शिव्याच असाव्यात, सुरावरून कळतं.
मागं इरण्णा, तोंडात घास.
वहिनी, तिचं म्हणणं, सुरी धरवत नाही.
विचारतेय, तुमच्यात हा कापतात कसा?

मी तव्यावरची भाकरी उतरवली.
पाट पुढं ओढला, त्यावर आपला एक कांदा ठेवला,
ती नीट बघतेय ना, पाहिलं,
आणि मूठ वळली.