सतराचा पाढा

सौमिल वैद्य मंगळवारी आला, वेळेच्या पाऊण तास आधी.
दांडिया बाजारच्या माझ्या लाकडी जिन्यावर
त्याची पावलं एकेक पायरी मोजत चढली.
म्हणाला, बाई, समांतर रेषा भेटतात. मी पाहिल्या.

कुठे रे?

फत्तेगंजला, होस्टेलच्या गच्चीवर, शनिवारी रात्री.
तिकिटाच्या पाव भागाएवढा कागद जिभेवर ठेवला होता
हे त्यानं मागाहून सांगितलं,
उत्तर लिहून झाल्यावर गाळलेली पायरी भरावी तसं.

मी चहा टाकला.
ओरडायचं होतं ते दुधाबरोबर उतू गेलं.

मग म्हटलं, सिद्ध कर.
त्यानं खडू घेतला आणि खडूकडेच बघत राहिला.
दोन रेघा ओढल्या. थांबला.
तिथे सिद्ध करावं लागत नव्हतं, बाई.
तिथे ‘म्हणून’ हा शब्दच नव्हता.

‘म्हणून’चे ते तीन ठिपके
मी जन्मभर लाल शाईनं पोरांच्या वह्यांत भरत आले.
ते नसलेलं एक गाव आहे म्हणे,
आणि हा तिथे नऊ तास राहून आला.

आला, पण सामान सगळं आलं नाही.
सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक…
आणि नजर खिडकीबाहेर, तारेवरच्या पतंगात.
एक ओळ तीनदा वाचायचा.
हात हलला की बोटांमागे अजून बोटं दिसतात, म्हणाला,
थोडीच, संध्याकाळी.
त्याच्या आईचा फोन यायचा: अभ्यास करतो ना?
करतो, मी म्हणायची.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात त्यानं विचारलं,
बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही,
मग नुसत्या बिंदूंची रेघ होते कशी?
एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.
पुस्तकातलं उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं
आणि विश्वामित्रीतल्या मगरीसारखं
फक्त डोळे वर ठेवून पडून राहिलं.

हा प्रश्न त्या कागदाचा, की त्याचा स्वतःचा,
की निव्वळ एकोणिसाव्या वर्षाचा?
मी कशी ठरवू?
गच्चीवर न गेलेला दुसरा सौमिल
माझ्याकडे नाही, शेजारी बसवून ताडून बघायला.

पुन्हा जायचंय का, एवढंच विचारलं.
तो म्हणाला, आधी चोक येऊ दे.

रोज सहाला पाढा. चिडायचा. मीही.
दिवाळीनंतर एकदा अडुसष्ट सरळ आलं,
पंच्याऐंशी आलं, एकशेदोन आलं,
आणि काहीतरी हरवल्यासारखा
तो माझ्याकडे बघत राहिला.

तो गेल्यावर मी फळ्यावर वर्तुळ काढलं, नुसत्या हातानं.
सुरुवात आणि शेवट भेटतात तिथे खडू जरा दाट पडतो.
हे मला माहीत नव्हतं.
बराच वेळ तिथे उभी होते.

सकाळी रमीलाबेननं फळा पुसला, रोजच्यासारखा.