अडीच हजारांत, क्लचसकट

लम्सडेनच्या चढावर माझ्या झेडने जीव टाकला.
आधी काटा लाल रेषेवर, मग वाफ,
मग आतून ठोठावणं,
दार उघडा म्हणणाऱ्या माणसासारखं.
मी बॉनेट उघडलं. उशीर झाला होता.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या हौसेला आहे: अडीच हजार डॉलर,
क्लच, गॅस्केटं आणि रावीरीची बिअर धरून.
शाळेची बस चालवणाऱ्या बाईकडे
याहून जास्त हौस शिल्लक नसते.

रावीरीने पुठ्ठ्यावर खडूने पर्याय लिहिले.
ऑस्ट्रेलियन व्ही-एट: स्वस्त, आडदांड.
'पण मग गिअरबॉक्स बदल, ब्रेक बदल, मागचा आस बदल,
शेवटी तुझी म्हणून फक्त दारं उरतील.'
जपानहून येणारं टर्बो: बंदरावरच चार हजार.
त्याच्या पुतणीचा हट्ट, वीजमोटर बसवा,
ठोकलेल्या लीफमधली. धूर नाही, आवाज नाही.
मी म्हटलं, पोरी, आवाजासाठीच तर
इतकी वर्षं हा पत्रा गंज खरवडून जगवलाय.
ती म्हणाली, मग रडतेस कशाला?
खरं होतं ते.

जुनंच उघडून पुन्हा बांधायचं तर ब्लॉकला तडा.
तड्यात माझं नख अडकलं,
आणि तो पर्याय रावीरीने बोलता बोलता
अंगठ्याने पुसून टाकला.

उरलं एक नाव: एल्स्पेथ मकॅनली, टुआटापेरे.
तिच्या कुरणात उभी २८०-सी, चार दारांची, पोक्त,
पोटात तेच सहा सिलिंडर, जरा भरलेले.
तेलाचं तसराळं बदललं की माझ्या गाडीत
बहिणीचा ब्लाउज बसावा तसं बसतं.
आठशे मागत होती. अट एकच:
काढण्याआधी एकदा तिच्यासमोर सुरू करायचं.

त्या दिवशी समुद्रावरचा वारा
मेंढ्यांच्या लोकरीत भांग पाडत होता.
बॅटरी आमची, पेट्रोल आमचं.
तिसऱ्या खेपेला खोकलं, थुंकलं
आणि लागलं चालायला, किंचित पाय ओढत.
एल्स्पेथ कुंपणाला टेकून उभी, चष्मा काढून,
जणू ऐकायला तो आड येत होता.

गरम झाल्यावर रावीरीने प्लग काढले,
एकेका भोकाला मीटर लावला.
इथे मेंढी घेताना ओठ वर करून दात बघतात, तसं.
एकशे पासष्ट. साठ. सत्तर. बासष्ट.
पाचवा: एकशे अठरा.
सहावा पुन्हा साठ, जसं काही झालंच नाही.

कुणी बोललं नाही.
त्याने पाचव्यात चमचाभर तेल सोडलं, पुन्हा मोजलं.
एकशे अठ्ठेचाळीस.
'रिंगा,' तो म्हणाला. 'व्हॉल्व्ह नाही.'
म्हणजे दुखणं म्हातारपणाचं, अपघाताचं नव्हे.

भाव पाडायला मी तोंड उघडलं,
सहाशे जिभेवर आलेच होते,
तोच ती तिकडच्या पद्धतीने 'र' घोळवत म्हणाली,
बरोबर, पाचवाच. अर्नीला ठाऊक होतं.
सकाळी किटली शिट्टी देईपर्यंत
तो हिला अंगणात नुसती चालू ठेवायचा.
म्हणायचा, सहांत एक जण उशिरा उठतो.
पंधरा वर्षं. उशिरा उठला,
पण कामावर रोज आला.

मी आठशे मोजले.
रावीरीने माझ्याकडे बघितलं नाही,
साखळी कप्पीवर चढवायला लागला.

इंजिन वर आलं, झुलत, ठिबकत,
आणि गाडीचं नाक चार बोटं उचललं गेलं,
पोतं उतरवल्यावर हमालाचे खांदे येतात तसं.
खाली सुटलेल्या वायरी, वाळकं पान,
दहा सेंटचं एक नाणं.
नाणं मी तिला दिलं.
तिने न बघताच खिशात टाकलं.

मग पुढे होऊन तिनेच बॉनेट खाली घेतलं,
दोन्ही तळव्यांनी दाबलं.
आत काही नसतानाही
ते त्याच आवाजात बंद झालं.
'लागतंय नीट,' ती म्हणाली
आणि किटली ठेवायला आत गेली.