वय काय पोरीचं?

बारा वर्षं झाली, चोपडा–अमळनेर मारतोय.
मशीन गळ्यात, पेटी काखेत
आणि दिवसातून वीसदा एकच सवाल :
वय काय पोराचं?

"चार वरीसना शे, भाऊ."
मिशी तेवढी फुटायची राहिलेला चार वर्षांचा
आईच्या मांडीवर कसाबसा दुमडलेला,
पाय पार मधल्या वाटेत.
पाचच्या आत फुकट, पाचच्या पुढे हाफ,
हे एसटीला माहीत, आयांनाही माहीत.
मी कधी हसायचो, कधी भांडायचो.
आता बायांचंच तिकीट अर्धं झालंय
तरी पोरं काही चारच्या पुढे जात नाहीत.
मला वाटायचं, पंधरा रुपयांसाठी.

आज दुपारची ड्यूटी मागून घेतली,
हर्षालीला घेऊन शाळेत गेलो.
जून निम्मा झाला, ऊन अजून मे महिन्याचंच,
हापशीचा दांडा हात लावू देईना.
कोकिळानं तिच्या केसांना इतकं तेल चोपडलं होतं
की रिबिनी घसरून कानांवर आलेल्या.

बोरसे मॅडमनी रजिस्टर ओढलं, पेन उघडलं
आणि माझाच सवाल मला केला.
"पाच," मी म्हणालो.
का म्हणालो, देव जाणे.
जन्मदाखला खिशात होता, चार घड्या घातलेला,
त्यावर शिक्का, सही, सगळं.
तरी तोंडातून गेलं : पाच.
"नही, पप्पा!" खालून आवाज आला,
"मी सहानी शे."
मॅडम हसल्या. मीही हसलो,
पकडला गेलेला माणूस हसतो तसं.

मग ती गेली.
म्हणजे तसं काही झालंच नाही.
रडली नाही, वळून पाहिलं नाही,
एका पोरीच्या डब्यात काय आहे ते बघायला वाकली
आणि मला विसरली.
मी सवयीनं दारातूनच डोकी मोजली :
एकतीस. बसलेली सव्वीस, उभी पाच.
हात आपसूक वर गेला, दोरीसाठी.
तिथं दोरी नव्हती. नुसता पत्रा,
तापलेला.

दीडची गाडी. तापीच्या पुलाअलीकडे
एक बाई चढली, कडेवर मावेना असा पोरगा.
"चारना शे, भाऊ."
"नही व माय, मी सातना शे! दुसरीमा गऊ!"
अख्खी गाडी हसली.
बाईनं पदर दातात धरला, मान खिडकीकडे.
खाली पात्रात पाणी कमी, वाळू जास्त.
मला तिला सांगायचं होतं,
ताई, मलाही जमलं नाही आज.
चार म्हटलं म्हणून कुणी चारचं राहत नाही,
पण म्हणून तर पाहावं माणसानं.
बोललो काहीच नाही. हाफ फाडला,
पैसे माझ्या खिशातून पेटीत टाकले;
पुढे जळोदला चेकर असतो कधी कधी.
बाईनं तिकीट घेतलंच नाही, ते माझ्याकडेच राहिलं.

रात्री हर्षालीला दिलं.
तिनं उलटं धरून वाचलं, मोठ्यानं,
मनाचंच काहीतरी.
कळण्याची भाकर अर्धी खाल्ली, अर्धीवर पेंगली.
"पप्पा, सकाय बी जानं पडी का?"
"हा."
"रोज?"
"रोज."
बराच वेळ विचार केला तिनं.
"तुन्या गाडीसारखं?"
"हा. पन गाडी रातले घर येस," मी म्हणालो,
ऐकायला ती जागी नव्हती.
मुठीत तिकीट तसंच, घामानं ओलं,
त्यावरची शाई थोडी तिच्या बोटांना लागलेली.