पोटावर झोपून

तेहेतीस वर्षं नोटा तपासल्या मी,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
शाई सरकलेली, कड खाल्लेली, आकडा अडखळलेला,
की बोटानं बाजूला. बाद.
दिवसाला किती, ते बाहेर सांगायचं नसे,
आता विचारलंत तरी आठवत नाही.

फंडातून मॅक्रो लेन्स घेतली.
बायको म्हणाली, एवढ्यात ओटा नवा झाला असता.
झाला असता.

भाद्रपदात म्हसरूळ मागे टाकून
तुंगलदऱ्यात स्कूटर लावतो, बोरगड चढतो.
वर चिंधूबा बेंडकोळी असतो,
वनखात्याचा रोजंदार, खांद्यावर दुमडलेलं इरलं.
तो चालतो झाडांकडे बघत, मी जमिनीकडे,
त्यामुळे आमची नजरानजर फार होत नाही.

कातळभर सीतेची आसवं.
धुकं नसलं तर इथून पंचवटीची बाजू दिसते,
म्हणून की काय हे नाव इथं जास्त शोभतं.
पण नावात आसवं, आणि मुळाशी किडे धरायच्या पिशव्या.
गेंदांची पांढरी बटणं. मध्येच दवबिंदू,
लाल, चिकट, एक चिलट अजून पाय हलवत असलेलं.
खंडोबाचा घोडा, नखाएवढा,
मान वळवून लेन्समध्ये बघतो,
जणू मलाच कुणी तपासायला बसवलंय त्याला.

सवय जात नाही.
पाकळी दिसली की आधी दोष दिसतो:
ही कुरतडलेली, हिचा ठिपका घसरलेला,
हिचा निळा रंग अर्ध्यातच संपलेला.
बोट आपोआप उचललं जातं.
मग मी चांगली कुठली ते शोधू लागतो
आणि दुपार होते.
एकीसारखी दुसरी नाही अख्ख्या कातळावर.
आमच्याकडे असा ताव निघाला असता
तर सगळाच भट्टीत गेला असता
आणि चौकशी लागली असती ती वेगळीच.

तीन पावसाळे शोधलेलं कंदीलपुष्प
त्या दिवशी सापडलं, गवतात, एकटं,
हिरवट, उभं, डोक्यावर पाच पट्ट्यांची छपरी.
मी आडवा झालो. कोपर टेकले, श्वास धरला.
एकशे बारा फोटो.
उठलो तर गवतात माझा आकार.
डोकं, पोट, दोन पाय, सगळं ओळखू येत होतं.

चिंधूबा काही बोलला नाही.
उकिडवा बसून चेपलेले गेंद
बोटानं एकेक उभे करत राहिला.
ते काही राहीनात उभे.
मग म्हणाला, "वजन किती तुमचं सायेब?"
"ऐंशी."
"आन् ह्याचं?"

रात्री संगणकावर फुलाचा गळा मोठा केला.
चारशे टक्क्यांवर आत एक माशी दिसली,
नुसता एक पाय आणि पंखाची कड.
फोटो काढताना दिसली नव्हती.
तेहेतीस वर्षांच्या माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती.
गळ्यातले केस खाली वळलेले असतात, माशी आत शिरते,
आणि ते कोमेजले की बाहेर येते, असं वाचलंय.
बायको पाठीमागून वाकली, चष्म्यावर चष्मा धरून.
"सुटली का मग?"
मी म्हटलं, सुटली असेल.
"असेल म्हणजे?"

पुढच्या रविवारी गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगून.
त्याच्या पुढच्या रविवारी गेलो.
कंदील वाळून काडी झाली होती.
माझा आकार अजून होता, कडेनं जरा मिटत आलेला,
आणि डाव्या कोपराच्या खळग्यात
पाणी साचलेलं, वाटीभरही नाही,
त्यात बेडकाचं पिल्लू, शेपूट नुकतीच गेलेली,
चारी पाय पसरून तरंगत.

उजेड छान होता, तिरका.
चिंधूबा लांब उभा, झाडांकडे बघत.
फोटो घ्यायचा तर पुन्हा
झोपावं लागलं असतं.