चौदा नंबरचं दार

म्वनाइदीकडे नोंदवही, फराजीकडे निळ्या रंगाचा डबा.
दार-एस-सलामच्या टोकाला, जिथे डांबर संपतं
आणि बजाजीवाले पुढे यायचे वेगळे पैसे मागतात,
तिथून घरांना नंबर द्यायचे.
साहेब म्हणाले, सोपं आहे, एकापासून सुरू करा.

एकापासून सुरू केलं.
सोमवारी चौदापर्यंत, मंगळवारी एकतीस.
बुधवारी मागे वळून पाहिलं
तर चौदा आणि पंधराच्या मध्ये एक घर.
पत्रे नवे, सिमेंट ओलं,
शेगडीवर उगालीचं पातेलं असं रटरटतंय
जसं काही आजेसासूनंच चढवलं होतं.
चौदा-अ, लिहिलं तिनं.
शुक्रवारी चौदा-अ मध्ये पोटभाडेकरू. चौदा-अ-एक.
मग चौदा-अ-एकच्या ओसरीवर शिलाई मशीन,
एक पडदा,
आणि पडद्याआड हळू आवाजात बोलणारं जोडपं.
कचेरीतल्या संगणकानं तो पत्ता घेतला नाही.
खाना भरला, म्हणाला.
माणसं यायची थांबली नव्हती.

पत्ते इथे आधीपासून होतेच.
"आंब्यापाशी उतरा."
"आंबा कुठाय?"
"तोडला. पाच वर्षं झाली."
"मग?"
"मग काय, तिथेच उतरा."

बीबी चाउसिकूनं मात्र दारातच अडवलं होतं.
"रंग कोणता?"
"निळा, बीबी."
"दाखव."
डब्यात बोट बुडवून उजेडात धरलं तिनं.
मागच्या वस्तीत असाच एक गोड बोलणारा आला होता,
त्याचा तांबडा होता.
भिंतीवर फुली मारली, पाणी मागितलं, पिऊन गेला.
तीन आठवड्यांनी यंत्र आलं.
"लिही मग. पण भिंतीवर नको, दारावर.
भिंत उचलून नेता येत नाही."
दार म्निंगाचं, जड, लालसर, तीन घरं पाहिलेलं.
फराजीनं एक आकडा काढला, मग चार.
चाराचा पाय थोडा ओघळला.

गटार हवंच होतं. हे खोटं नाही.
दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी, शाळेत बाकांवर बाक,
आणि मग तापाची रांग.
गटार रुंद करायचं तर चौदा ते एकोणीस
कुणीतरी हलायला हवं होतं.
हे वाक्य म्वनाइदीनंच टाइप केलं,
दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला.
पैसे मिळाले लोकांना. उशिरा, पण मिळाले.
चौदा-अ-एकच्या पडद्यामागच्यांना नाही,
त्यांचा पत्ता संगणकात नव्हता.

दोन वर्षांनी शहराचं टोक आणखी पुढे गेलं होतं.
दालादालात दीड तास, फराजी पेंगलेला,
डबा पायांत घट्ट धरलेला.
कंडक्टर ओरडला, "कुमी ना न्ने! चौदावाले उतरा!"
म्वनाइदीला वाटलं, बसचा नंबर असेल.
उतरणाऱ्या बाईला विचारलं.
"अहो, थांब्याचं नाव. चौदा."
"का बरं?"
बाईनं खांदे उडवले. "चौदाच म्हणतात."

सहाशे दोनच्या पुढे, सहाशे तीनच्या अलीकडे
एक म्निंगाचं दार.
निळा एक. निळा चार. चाराचा पाय ओघळलेला.
दाराभोवती अजून भिंती पुरत्या नव्हत्या,
उजवीकडे विटा कमरेपर्यंत, डावीकडे नुसती ताडपत्री,
तरी माणसं दारातूनच जात-येत होती.

"उशीर केलास," चाउसिकू म्हणाली.
"बस. हा मुलगा वाळला की गं."

नियमानं सहाशे दोन-अ.
म्वनाइदीनं नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं.
फराजीनं खिळ्यानं डब्याचं झाकण उचकटलं,
वर साय धरली होती रंगाला,
ती तो काडीनं बाजूला करत बसला,
सावकाश,
तिच्याकडे न बघता.