रोझेरची लग्नं

संस्थेने दिलेल्या तक्त्यात तीन रकाने:
सुधारणा. जैसे थे. पुन्हा दाखल.
बर्फात रुतत त्र्वा-रिव्हिएरच्या
कागद गिरणीमागच्या गल्लीत पोचले,
तेव्हा जर्मेन ब्वाव्हेर पायची पारी लाटत होत्या.
"बूट झटका दारातच," म्हणाल्या,
आणि त्या शब्दावर
आम्ही दोघीही अडलो.

एकोणसाठचा हिवाळा. पाच आठवड्यांत चोपन्न,
कधी दिवसातून दोनदा.
त्यानंतर दहा वर्षं एकदाही दाखल नाहीत.
गिरणीच्या कँटीनात नोकरी. खाडा नाही, रडणं नाही.
पहिल्या रकान्यात खूण करणार, तोच म्हणाल्या,
"बरी आहे मी. खरंच बरी आहे.
पण कोण बरी झाली, ते रोझेरला विचारा."

लग्नाआधीच्या वसंतापासून
वॉर्डाच्या दारापर्यंत
नऊ वर्षं त्यांच्याकडे नाहीत.
पोटची मोनिक त्यांना पहिल्यांदा भेटली
ती सात वर्षांची, दप्तरासकट,
पाहुणीशी बोलावं तशी जपून बोलणारी.
पीठ किती तिंबायचं ते मात्र हातांना ठाऊक होतं.
लाटण्याला कुणी विजेला जोडलं नव्हतं.

त्या नऊ वर्षांचा साक्षीदार एकच, नवरा.
मायाळू माणूस,
म्हणून भरवशाचा नाही.
त्याच्या सांगण्यात लग्नाच्या दिवशी
कधी लख्ख ऊन, कधी हिमवादळ.
एका ईस्टरला तर अख्खा बँड वाजला,
जो आदल्या ईस्टरला नव्हता.
नवं सगळं त्यांच्या पक्कं लक्षात राही.
वहीत तारीखवार मांडलं होतं:
रोझेरची लग्नं, आजवर चौदा.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा रोझेर नव्हता.
वही फडताळात, वर साखरेचा डबा.
"तुमच्या फायलीत मी असेन ना,
त्या चोपन्नच्या आधीची?
काय म्हणते ती?"

फाईल दाखवायची नसते.
मी एकच ओळ वाचली,
दाखल केल्या दिवसाची, डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरातली,
'लक्षणे' या मथळ्याखाली:
रुग्णेची तक्रार, नवरा लग्नाची हकीकत
दर वेळी वेगळी सांगतो.

लाटणं थांबलं.
मग त्या हसत सुटल्या,
चष्मा काढून पिठाच्या मनगटाने
डोळे पुसावे लागले इतक्या.
"म्हणजे," म्हणाल्या,
"आमची ओळख होती तर."