दुसरा तंबू

ईली गाव मागे पडलं की फोनचे दांडे गळतात.
शेवटच्या दुकानात बर्फ घेतला, सरपणाच्या दोन मोळ्या,
गळाला लावायचे किडे विकणाऱ्या लोइसबाई म्हणाल्या,
मंगळवारी अस्वल आलं होतं,
कुणाची तरी पीनट बटरची बरणी
घासून ठेवल्यासारखी चाटून गेलं.
सांगताना बाईंना कोण आनंद!

आमची जागा तीच. अकरा नंबर.
तळ्यात उतरणारा खडक,
खडकाच्या भेगेत पाय रोवून एक वाकडा पाइन,
आणि गेल्या वर्षी मृणालने ज्यावर भात करपवला
ती लोखंडी चूल.
यंदा डिकीतून दोन तंबू निघाले.
दुसरा हिरवा, लहान, एकट्याचा.
मिहिकाने उन्हाळाभर शेजाऱ्यांची कुत्री फिरवून
स्वतःच्या पैशाने घेतलेला.
"इथून तीस पावलांवर लावते," म्हणाली.
मी मागाहून मोजली. छत्तीस भरली.
एक तर ती खोटं बोलली,
नाहीतर तिची ढांग माझ्याहून लांब झाली.

संध्याकाळी शिंकं बांधलं.
तांदूळ, मेतकूट, भाजणी, टूथपेस्टसुद्धा,
ज्या ज्या वस्तूला वास आहे ती पोत्यात,
पोतं दोराला, दोर फांदीवरून.
माझे तीन नेम चुकले.
तिने दगड बांधून पहिल्याच झटक्यात दोर पलीकडे टाकला
आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.
"शिंकं तुटलं तर अस्वलाचं फावेल," मृणाल म्हणाली.
हिंगाच्या वासाला इथलं अस्वल काय म्हणेल
यावर आम्ही बराच वेळ हसलो.

रात्री आमच्या तंबूत मधली जागा उरली.
तिथे बूट ठेवले, टॉर्च ठेवला, मृणालचा चष्मा.
दहा वर्षं तिथे एक गुडघा असायचा,
माझ्या बरगडीत रुतलेला.
तळ्यावर लून ओरडला.
पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं,
हा पक्षी हसतोय की रडतोय?
हाक मारतोय, मी सांगितलं होतं.
मला काहीच माहीत नव्हतं,
वेळ मारून नेली होती.

मग चेन वाजली.
आमची नाही. तिकडची.
सुयांसारख्या पानांवरून पावलं,
कापडावरून सरकत गेलेलं उजेडाचं वाटोळं,
शौचालयाकडे.
बाहेर झाडाला तांदूळ टांगलेले
आणि आत माझा जीव.
उठायचं नाही, असं ठरलं होतं.
ठरवलं तिने होतं, मान आम्ही डोलावली होती.
"जागा आहेस?" मृणाल कुजबुजली.
"नाही."
"मीपण नाही."

पावलं परत आली,
आणि आमच्या तंबूपाशी थांबली.
किती वेळ, सांगता येणार नाही,
अंधारात घड्याळ लांब असतं.
आमची चेन जराशी हलली. हात लागला असेल,
किंवा वारा असेल, पण वारा पडलेला होता.
मग पावलं गेली. छत्तीस असावीत,
मी बारावर मोजणं सोडलं.
तिकडची चेन लागली.

पहाटे धुराच्या वासाने डोळे चुरचुरले.
बाहेर आलो तर तळं अजून धुक्यात,
आणि ही चुलीपाशी उकिडवी,
बर्चचं साल पेटवून, गाल फुगवून.
शिंकं तिनेच उतरवलेलं.
अख्ख्या पातेल्याला पुरेल एवढी साखर चहात.
"अस्वल आलं नाही," जरा हिरमुसून म्हणाली.
"नाही आलं."
"बाबा, तू रात्रभर घोरत होतास.
माझ्या तंबूपर्यंत ऐकू येत होतं."

माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.
मृणालने पटकन तळ्याकडे तोंड फिरवलं.
"दमलो होतो गं," मी म्हणालो.
चहावर राख तरंगत होती.
फुंकर मारून बाजूला सारली,
प्यायलो.